पाहुण्यांसाठी ताशा

आई, जय भीम.

मी बरी आहे. उस्मानपुऱ्यातली खोली हवेशीर आहे. बाबांचा गुडघा कसाय?

काल आमच्या कॉलेजच्या विशेष मुलांच्या शाळेत पाहुणे आले. स्वमग्न लेकरांना गोंगाट सोसत नाय, हे आम्हाला वर्षभर शिकवणाऱ्या सरांनीच स्वागताला ताशेवाले बोलावले. आपला इंद्रजीत कुकरच्या शिट्टीला कान दाबतो, तसे सगळ्या लेकरांनी दाबले. सर आम्हाला म्हणाले, "हात खाली धरा त्यांचे, फोटो खराब येतोय."

लई किळस आली त्या माणसाची. जवळची दोन लेकरं घेऊन मी बाहेर निघून गेले. प्रात्यक्षिकाचे मार्क गेले तर जाऊ दे.

इंद्रजीतला जूनमध्ये इथंच घालायचं ठरलंय ना? आणू नकोस त्याला. माझं शिकून होऊ दे, त्याची ताईच घरी येऊन शिकवेल त्याला.

तुझी विशाखा