बेट फक्त एका बाजूने बेट आहे

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार

तीर्थस्वरूप बेबाआत्यांना कामिनीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल बाटलीतच असणार, तरी विचारते. नानांचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे ना? मिरची आणि तेल बंद करून तुम्ही त्यांना उकडलेल्या दुधीवर ठेवलंय आणि ते मुकाट्याने खातात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. आता वाटत नाही. कारण विचारू नका. दातांसाठी ते दर रविवारी भुसावळला जातात, असंही तुम्ही म्हणालात. बसवून वर्ष झालेल्या कवळीला इतकी देखभाल लागते हे मला माहीत नव्हतं (पण मी पंपांच्या कारखान्यात काम करते, कवळ्यांच्या नाही, तेव्हा मत देत नाही).

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि ओट्यावर निम्मी आळी बसलेली असते. मागच्या वेळी माझ्या पगाराबद्दल तुमच्या आधी शेजारच्या भिकुबाईंनी नापसंती व्यक्त केली. म्हणून पत्र.

तुम्ही काम दिलं होतं ते असं. धरणात गेलेल्या तुमच्या जुन्या गावाची पाण्याबाहेर उरलेली टेकडी तुमच्या कुंदनने 'शापित बेट' म्हणून पर्यटकांना दाखवायला काढली आहे. नाना म्हणतात होडी वीक आणि पुण्याच्या नोकरीवर रुजू हो. कुंदन म्हणतो पुण्याला माझा जीव गुदमरतो. दिवाळीपासून बापलेक एका पातेल्यातली भाजी दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसून खातात आणि वाढताना तुमचे गुडघे जातात. शेवटी दोघांनी कबूल केलं की कामिनी इंजिनिअर आहे, ती बघून सांगेल ते मान्य. तेव्हा मी रविवारी साधं गिऱ्हाईक म्हणून, तोंडाला स्कार्फ आणि डोळ्यांना गॉगल लावून गेले. घाटावर कुंदन सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तू पुढे बस, मागे डिझेलचा वास येतो." तपासणीतला गुप्तपणा इथे संपला.

आधी चांगलं सांगते. होडी उत्तम आहे. इंजिनाचा आवाज मी कान देऊन ऐकला. बेअरिंग ठीक, कंपन कमी, आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या काही पंपांपेक्षा कमी (हे आमच्या साहेबांपर्यंत जाऊ नये). जॅकेटं सगळ्यांना पुरली, बकल लागत होती, आणि बांधल्याशिवाय कुंदनने होडी सोडली नाही. पाचोऱ्याचं एक जोडपं होतं आणि धुळ्याच्या वनाअक्का होत्या. वनाअक्कांचा मुलगा त्यांना देवदर्शन म्हणून घेऊन निघाला होता, पण घाटावरची पाटी बघून त्यांनीच गाडी थांबवायला लावली आणि मुलाला गाडीतच बसवून आल्या. त्या होडीत बसल्यापासून विचारत होत्या, "भूत कवा दखाडशी रे भाऊ? माले संध्याकायले घर जानं शे."

आता भुताचं. ते निकृष्ट दर्जाचं आहे. बेटावर उतरल्यावर दगडी पार, पडकं देऊळ, छप्पर नसलेली घरं, घरांच्या आत उगवलेली बाभळ, हे सगळं इतकं गप्प आहे की माणूस आपोआप हळू बोलतो. एवढं पुरलं असतं. पण कुंदनने पडक्या विहिरीत ब्लूटूथ स्पीकर सोडला आहे, त्यात बाई रडते. ती रडता रडता मध्येच थांबली आणि स्वच्छ इंग्रजीत चार्जिंग संपत आल्याचं म्हणाली. वनाअक्का म्हणाल्या, "वं माय! चेटकीण इंग्रजी बोली राह्यनी!" पाचोऱ्याचे गृहस्थ इतके हसले की त्यांना विहिरीच्या कठड्यापासून धरून बाजूला करावं लागलं. कुंदनचं तोंड उतरलं. मला त्या वेळी वाटलं, पुणंच बरं.

मग त्याने आम्हाला 'चेटकिणीच्या घरात' नेलं. त्या एका घराची मागची खोली अजून छपराखाली आहे. कुंदनने सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी देते: इथे एक चेटकीण राहायची, तिचा आवाज आला की गल्लीतली पोरं दडून बसायची, तिच्यासमोर सासू बोलत नसे, आणि नवरा तिला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे. मग त्याने देवळीखालच्या भिंतीवर टॉर्च मारला. तिथे लालसर पंजे आहेत, डावा आणि उजवा. 'रक्ताचे हात,' कुंदन म्हणाला. रक्त इतकी वर्षं लाल राहत नाही. तो गेरू आहे. आपल्याकडे नवी नवरी घरात आली की उमटवते तसे थापे. मी जवळ जाऊन पाहिलं. डाव्या हाताची करंगळी टोकाशी बाहेर वळलेली आहे. अशी करंगळी मी जगात एकाच हाताला पाहिली आहे, आणि त्या हाताने लहानपणी पापड लाटताना माझ्या पाठीत धपाटे घातले आहेत. मी कुंदनला काही बोलले नाही. त्याचा जन्म नव्या गावातला. त्याला जुनं घर कोणी दाखवलेलंच नाही.

तेवढ्यात तो आवाज आला. धप. धप. धप. देवळाच्या मागून, जमिनीतून आल्यासारखा. कुंदनच्या हातातला टॉर्च पडला, त्यावरून हा कार्यक्रमाचा भाग नव्हता हे कळलं. पाचोऱ्याच्या बाईंनी नवऱ्याला आणि नवऱ्याने मला धरलं (नंतर माफी मागितली). मला भीती वाटली नाही असं लिहिणार होते, पण वाटली. मग मी ऐकायला लागले, कारण दिवसभर मी तेच करते. यंत्राचा ठोका सारखा पडतो. हा पडत नव्हता. मध्येच थांबायचा, कोणीतरी हसायचं, मग दोन हलके, एक जोरात, आणि प्रत्येक ठोक्याला ओलसर शेपूट. भूत दमत नाही आणि दमलं तरी गप्पा मारायला थांबत नाही. मी हे सगळ्यांना समजावून सांगत होते, पण माझं स्पष्टीकरण अर्ध्यावर असताना वारा फिरला आणि वास आला. तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचा. वनाअक्का ओरडल्या, "भूत वांगा भूंजी राह्यनं!" आणि ज्या पर्यटकांना चेटकिणीच्या घरात ओढत न्यावं लागलं होतं, ते त्या आवाजाच्या दिशेने चपला हातात घेऊन पळाले. खानदेशात भुताचा धंदा करणाऱ्याने थंडीचे महिने टाळावेत, हा माझा पहिला तांत्रिक सल्ला.

देवळामागे पाच-सहा म्हातारे भरीत ठेचत होते. लाकडी काठवटीत, मुसळाने, मिरची-लसणासकट. जुन्या गावचे सगळे. त्यांच्या पुढाऱ्याने मला शपथ घातली आहे की त्यांचं नाव कोणालाही सांगायचं नाही, आणि मी ते सांगणार नाही. एक अनोळखी गृहस्थ, असं समजा. उंच, डाव्या पायाने किंचित लंगडणारे, कवळी काढून खिशात ठेवलेली (भरिताला लागत नाही म्हणे). त्यांना पाहून कुंदन "नाना!" असं किंचाळला, पण कुंदन सगळ्याच वयस्कर माणसांना नाना म्हणतो. गृहस्थ मला म्हणाले, "तुह्या आत्याले सांगशीन तं पाह्य!" कोणाच्या आत्याला, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

हे लोक तिथे पोचले कसे, हे मी पाहून ठेवलं. रब्बीच्या आवर्तनासाठी धरणातलं पाणी कालव्याला सोडलं की पातळी उतरते आणि रावेरच्या बाजूने टेकडीपर्यंत चिखलाची वाट उघडी पडते. म्हणजे बेट फक्त आपल्या बाजूने बेट आहे. मागून तिथे ट्रॅक्टर येतो. तिथे एक लाल ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या मागे 'बेबा' असं रंगवलेलं आहे. हे नाव आपल्या भागात बरंच आढळतं.

मग भांडण झालं, आणि ते तुम्ही ऐकायला हवं होतं. कुंदन म्हणाला, तुम्ही भरीत खाऊन माझं बेट बिघडवता. गृहस्थ मुसळ खाली ठेवून म्हणाले, "तुहं बेट? माहं घर हाये ते! मी जित्ता असून तू माह्या घराले भूतबंगला म्हनतो? तिकीट फाडतो?" आणि त्यांनी चेटकिणीच्या घराकडे बोट केलं. कुंदन आधी त्यांच्याकडे, मग त्या घराकडे बघत राहिला. शेवटी त्याने विचारलं, मग ते हात? गृहस्थांनी नाक ओढलं (मिरची होती) आणि केळीच्या पानावर त्याला भरीत वाढलं. खाली बसून, पानाला पान लावून. दिवाळीनंतर मी त्या दोघांना, म्हणजे कुंदनला आणि एका अनोळखी गृहस्थांना, प्रथमच एका जागी जेवताना पाहिलं. नंतर कुंदनने हळूच विचारलं, ती चेटकिणीची गोष्ट मी उगीच बनवली ना? गृहस्थ म्हणाले, "नवरा घाबरे, तेवढं खरं हाये."

पर्यटक अंधार पडायला लागला तरी उठेनात. म्हातारे सांगत होते, हा पार कोणाचा, जत्रेला बारागाड्या कुठून ओढायचे, सामान भरून गाव निघालं तेव्हा कोणाची म्हैस परत पळाली. पाचोऱ्याच्या बाई विहिरीपाशी रडल्या नव्हत्या, त्या म्हशीच्या गोष्टीला रडल्या. वनाअक्का निघताना म्हणाल्या, "भूत काही खरं नही, पन गाव बठ्ठं खरं शे." आणि पुढच्या रविवारी सुनेला आणते म्हणाल्या.

तेव्हा माझं मत: होडी विकू नये. विहिरीतली बाई काढून टाकावी. पाटीवरून 'शापित' शब्द पुसावा आणि गावाचं नाव लिहावं. म्हाताऱ्यांनी गाव दाखवावं, कुंदनने होडी चालवावी. मागच्या चिखलाच्या वाटेबद्दल कोणी बोलू नये. हा निर्णय सर्वस्वी माझा आहे. होडी विका असं दिवाळीपासून गावभर सांगून बसलेल्या कोणाचाही त्यात हात नाही, आणि असं मी लिहावं म्हणून मला कोणी दुसऱ्यांदा भरीत दिलेलं नाही. (दिलं. पण मत त्याआधी झालं होतं.)

मोठ्यांना नमस्कार, भिकुबाईंना माझा पगार तोच असल्याचं सांगणे.

तुमची
कामिनी

ता. क. नानांचे दात आता पूर्ण बरे झाले आहेत असं मला खात्रीलायक कळतं. पुढच्या रविवारी त्यांना भुसावळला पाठवू नका.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. चिखलाच्या वाटेने तुमचे गुडघे चालणार नाहीत, पण होडी पाराच्या पायरीला लागते. त्या रविवारी तुम्ही या. मी घाटावर असेन. एकदा त्या भिंतीवर तुमचा हात ठेवून बघायचा आहे. मोजमाप जुळेल याची मला खात्री आहे, पण खात्री करून घेतलेली बरी. शिवाय त्या मंडळींच्या पुऱ्या वातड असतात; पीठ तुम्ही मळून आणा. आणि मिरचीवरून त्या गृहस्थांना तिथे बोलू नका, घरी बोला.

ता. क. तिसरा. नाना आज मोटारीचा सुटा भाग घ्यायला जळगावला आले आहेत आणि खाली चहा घेत बसले आहेत. पत्र त्यांच्याच हाती देते. आत काय लिहिलंय हे त्यांनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा 'तांत्रिक आहे' एवढंच सांगितलं. पाकीट मी नीट चिकटवलेलं असेल. उघडलेलं मिळालं तर हरकत नाही, उत्तर त्यांच्याकडूनच घ्या. त्यावर तेलाचा डाग असला, तर तो माझा नाही.