तीर्थ म्हणजे पाणी नव्हे

२ जुलै
मिस्सेनंतर फादर सिरिलो यांनी जाहीर केलं : यंदा कार्मेलमातेच्या सणाला मूर्ती माझ्या होडीतून पलीकडच्या बेटावर जाणार. आजवर हा मान हेर्मेनियोच्या होडीचा. देव उशिरा का होईना, बघतो.
घरी येऊन कपाटातली चर्चच्या तीर्थाची बाटली घेतली आणि होडीच्या इंजिनाकडे गेलो. मग डिझेलच्या टाकीत तीर्थाचं एक झाकण ओतलं. बाहेरून शिंपडलेलं तीर्थ वाऱ्याने वाळतं, आतलं टिकतं. हे कुणाला सुचत नाही.

५ जुलै, सकाळ
इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि गप्प झालं.
कारण लगेच लक्षात आलं. काल किनाऱ्यावर हेर्मेनियो म्हणाला, काय कुंपारे, इंजिन कबुतरासारखं घुमतंय की! आणि 'पुवेरा बुयाग' म्हणाला नाही. ते न म्हणता कौतुक केलं की दृष्ट लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या मुलीचा धर्मपिता हा, आणि त्याला मी शिकवायचं?
उपाय : तीर्थाची दोन झाकणं.

६ जुलै
इंजिन चालू होईना. मेकॅनिक बेर्तिंगला बोलावलं. त्याने पंप उघडला. म्हणाला, नोय क्रिस्पुलो, आतला हा दट्ट्या केसाहून बारीक फटीत वरखाली होतो. त्याला वंगण डिझेलचंच. डिझेलमध्ये पाणी शिरलं की वंगण गेलं, गंज चढला, दट्ट्या अडकला. टाकीत पाणी कुठून आलं?
मी म्हणालो, तेच तर मला समजून घ्यायचंय.
त्याने सगळं पुसून, घासून बसवून दिलं. म्हणाला, आता एक थेंबही सोसणार नाही हा.
मी बराच वेळ विचार केला. पाणी आलं ते नांग पेत्राच्या दुकानातूनच. डिझेल तीच विकते.

७ जुलै
नांग पेत्राला अगदी गोड शब्दांत विचारलं. ती म्हणाली, पाणी हवं असेल तर विहीर तिकडे आहे, माझ्या कॅनमध्ये काय शोधतोस? आणि विधवेला चोर म्हणायला मिस्सेतून थेट इकडेच आलास का रे? गिऱ्हाइकं हसली.
खऱ्याला असंच ऐकून घ्यावं लागतं.
संकल्प : रोज पहाटे प्रार्थनेआधी फिल्टरची खालची चावी सैल करून साचलेलं पाणी काढायचं.

८ जुलै
पहाटे आधी प्रार्थनेलाच बसलो, ती लांबली. पाणी उद्या.

९ जुलै
पाऊस होता. पावसात फिल्टर उघडला तर आणखी पाणी जाईल. इंजिन समजणाऱ्याला हे कळतं.

११ जुलै
ओरिंगने कपाटातली बाटली अर्धी झालेली पाहिली. बायकोपासून मी काही लपवत नाही. सांगून टाकलं. ती डोक्याला हात लावून म्हणाली, अहो, पंप काय पापी आहे, म्हणून त्याचा बाप्तिस्मा लावलाय? बेर्तिंग ओरडून ओरडून सांगतोय, पाणी, पाणी!
मी शांतपणे समजावलं. पंप पाण्याने बिघडतो. तीर्थ म्हणजे पाणी नव्हे.
ती म्हणाली, मग त्याची कॉफी करून बघते.
नांग पेत्राची माफी मागून ये, असंही म्हणाली. सणानंतर बघू. आत्ता मन स्थिर ठेवायला हवं.

१४ जुलै
होडी रंगवली. इंजिन उत्तम. बेर्तिंग म्हणाला, आता हात लावू नका, नोय, पाया पडतो. ओरिंगसमोर शब्द दिला : टाकीत काहीही ओतणार नाही.

१५ जुलै, संध्याकाळ
शब्द दिला तो माणसाला. उद्या मात्र माता स्वतः बसणार आहे. तिच्या होडीत निव्वळ दुकानातलं डिझेल? मन मानेना. उरलेली बाटली ओतली. आता निश्चिंत.

१६ जुलै
सण. मूर्ती, फादर, बँड, फुलं. किनाऱ्यावर सगळा गाव. निघालो तेव्हा डोळे भरून आले.
मध्यावर इंजिन बंद.
बँडने भजन संपवलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी दोरी ओढली. बेर्तिंगने ओढली. कॉर्नेटवाल्यानेही ओढली. शेवटी हेर्मेनियोने होडी शेजारी आणली आणि माता उचलून तिकडे नेली. ती नीट बसेपर्यंत कुणी हसलं नाही. मग हेर्मेनियो म्हणाला, कुंपारे, आत्ता म्हणून टाकतो, पुवेरा बुयाग!
फादर आणि बँडही तिकडे चढले, मिरवणूक पुढे गेली. आमच्या होडीत मागे राहिला ढोलवाला. ओरिंग वल्हं मारत होती. ढोलवाला ढोल मांडीवर धरून बसला.

१८ जुलै
पंप कायमचा गेला. बेर्तिंगने दट्ट्या माझ्या तळहातावर ठेवला. लालभडक गंज. म्हणाला, घ्या, तुमचा संत.
फादरना सगळं मोकळेपणाने सांगितलं. ते म्हणाले, क्रिस्पुलो, आशीर्वाद दिला म्हणून पाणी आपला स्वभाव सोडत नाही. फादर तरुण आहेत.
त्यांच्या सांगण्यावरून नांग पेत्राकडेही जाऊन आलो. तिने माफ केलं, पण दुकानभर माणसं जमेपर्यंत मला थांबवून.
पुढच्या वर्षीही माता हेर्मेनियोच्याच होडीतून जाणार. मी विचारलं, मग माझी सेवा काय? फादरनी बराच विचार केला. म्हणाले, त्याची होडी उजवीकडे कलते. तू डावीकडे बाहेर बांधलेल्या आधाराच्या बांबूवर बस, तोल राहील. फक्त बसायचं. तीही सेवाच.
वजन माझं चांगलं आहे. हे गावात सगळेच मानतात.