शिळाछापातलं जोडपं

ॲन आर्बर
९ मार्च १९८६

प्रिय सुचित्रा,

तुला आणि घरच्यांना नमस्कार. तुझं संक्रांतीचं पत्र पोचलं. मुख्याध्यापिका झालीस, फार आनंद झाला. आम्ही ठीक. कुमारचं संशोधन चाललंय. वीणाला बारावं लागलं. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते.

मला युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये अर्धवेळ काम मिळालंय. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या छापील चित्रांची नोंद करायची. अमेरिकेतले लोक ती हौसेने दिवाणखान्यात लावत. मध्यंतरी शिळाछापाचं एक चित्र हाती आलं. एक काळं जोडपं चर्चला निघालंय. त्याची उंच हॅट, तिची रेशमी छत्री. चित्रकाराने त्यांचे ओठ, पाय मुद्दाम राक्षसासारखे काढलेत आणि रस्त्याकडेचे गोरे नाक धरून हसताहेत. चांगले कपडे घातले, एवढाच त्यांचा गुन्हा.

कुमारला दाखवायला आणलेली झेरॉक्स टेबलावर राहिली. गेल्या रविवारी डॉक्टर चारुदत्त आणि आणखी दोन कुटुंबं जेवायला होती. चारुदत्तांनी ती उचलली. म्हणाले, "आमच्या क्लिनिकमध्ये अजून असेच येतात." सगळे खदखदून हसले. कागद हातोहात फिरला, त्यावर आमटीचे डाग पडले. बसमध्ये आपल्याकडे बघून कुणी नाक मुरडलं तर महिनाभर सांगत फिरणारे हे लोक! मला त्यांच्या तोंडातल्या घासाचीसुद्धा किळस आली.

तेवढ्यात वीणा म्हणाली, "आई, यू आर लाफिंग टू."

मी हसत होते, सुचित्रा. पाहुण्यांसमोर हसतात तशी.

मग मी कागद काढून घेतला आणि यात हसण्यासारखं काय आहे ते माझ्या मुलीला समजावून सांगा, असं चारुदत्तांना म्हटलं. ते उठलेच. श्रीखंड तसंच राहिलं. कुमार अजून धड बोलत नाही.

इथेच थांबले तर मी मोठी शूर दिसेन. पण माझ्या साखरपुड्याला तू मोरपिशी शालू नेसून आली होतीस. सरलामावशी बायकांना म्हणाली, "आता यांच्यातसुद्धा शालू नेसतात." बायका हसल्या. मीही हसले. तू पाहिलंस. डोकं दुखतंय म्हणून न जेवता गेलीस आणि मी अडवलं नाही. सोळा वर्षं पत्रं लिहिली, हे एकदाही लिहिलं नाही.

वीणाला सगळं सांगितलं. ती ताटं विसळत राहिली.

माफ कर असं लिहीत नाही. तू सवयीने करून टाकशील.

'तुझी' लिहायला हात धजत नाही.

पद्मजा