पहिल्या हाकेले ओ नाई

पोंभुर्णा,
१२ मार्च २००३

चि. पुनमले अनेक आशीर्वाद.

नाई वं बाई, मी काई रुसली नाई. पीएचडी झाली तरी तुले जर्मनीले अजून संशोधनाले बोलावलं, ते वाचून हासूनच राह्यली. पोस्टडॉक म्हंजे डाक्टर झाल्यावरचा डाक्टर, तोही सुई न मारनारा! शेजारच्या अन्नपूर्णाले सांगतलं, का आमची पुनम मानसाले ऐकू न येनारा आवाज पान्यात सोडते, त्यानं बुडबुडे फुटतेत आन् रंगाच्या कारखान्याचं घान पानी साफ होते. तिनं इचारलं, ऐकूच येत नाई त आवाज आहे हे समजते कसं? मी म्हनली, पगार येते त्यावरून.

एक गंमत सांगू? मोहफुलं येचाले गेली का तुझ्या बाबाची हाक येते. मरून वर्स उलटलं, तरी गडी वच्छे म्हनून आवाज टाकतेच. जितेपनी कामाशिवाय कधी हाक नाई मारली या मानसानं! आपल्याकडं रानात पहिल्या हाकेले ओ देत नाईत. जिता मानूस असन तं पुन्हा बोलावतेच; मेलेल्याले ओ देल्ली तं तो मागं मागं घरी येते. तुझे बाबा एकदाच बोलावतेत. मी खाली मान घालून फुलं येचते. तू भेऊ नको. महिना सरायच्या आत जर्मनीवाल्यायले हो म्हन.

आठवनीत ठेवजो.
तुझी आई, वच्छला


नागपूर,
२० मार्च २००३

ती. आईस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी हासली, मंग झोपच आली नाई. हाक-बीक काई नसते, वयानं कान वाजतेत. डॉक्टरले दाखव. तुले असं एकटं टाकून मी जात नाई, सरले तसंच सांगनार होती.

पन काल दुपारी प्रयोगशाळेत मशीन चालू केली. तिचा आवाज आपल्याले येत नाई, भांड्यातलं पानी फक्त धुकट होते. खोलीत मी एकलीच. मागून हाक आली, पुनमे म्हनून. तसं फक्त बाबाच म्हनत. मशीन बंद केली, सारं चूप. पुन्हा चालू केली, काईच नाई. सर म्हनाले, कामाचा तान आहे.

आई, मी ओ देल्ली नाई. पन तोंड उघडलं होतं.

असाच जीव लावत राह्य.
तुझी, पुनम


पोंभुर्णा,
२५ मार्च २००३

चि. पुनमले आशीर्वाद.

मस्करी आता बंद. ओ देल्ली नाई, लय बरं केलं. पुन्हा हाक आली तं ओठ दाबून उभी राह्य. हे पत्र भेटलं का लगेच सरले जाते म्हनून सांग. तिकडं बाबा पोचनार नाईत. जितेपनी त्याईले नागपूरच्या बसमध्येच ओकारी होये, इमानात कुठी बसतेत!

तू म्हनशीन, आई, मंग तूबी माझ्यासंग चाल. मले येता येनार नाई. हाक आता मोहाखालून येत नाई, घरातून येते. मी चुलीपुढं बसली का पाठीशी कोनी टेकल्यावानी वाटते, आन् पाठ थंडगार होते. मी इथी असली म्हंजे त्याईचं ध्यान माझ्याकडं राह्यीन. तेवढ्यात तू निघ.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आई, वच्छला

ता. क. खाली मान घालून फुलं येचते म्हनली, ते खोटं होतं. मी पहिल्याच हाकेले ओ देल्ली.