करडईची दोन पोती

वैजयंती,

तुझा शिवकुमार जन्मला त्या साली भागवतनं आपल्या गावात तेलाचा घाणा टाकला. तू बहिणीच्या बाळंतपणाला पूर्णेला गेलीस आणि इकडं तो घाणा मोडायची वेळ आली.

चूक आमची आहे. दुखवट्याच्या घरी काम घेऊन कसं जावं, म्हणून कुणीच त्याच्या बायकोकडं, राजेश्रीकडं, करडई नेली नाही. सगळ्यांनी गंगाखेडहून पिशव्यांतलं तेल आणलं, मीसुद्धा. काल तिला भेटले तर म्हणाली, "मावशी, हे होते तवर गिऱ्हाईक होतं. बाईच्या हातचं तेल कुणाला पायजे?" आज दुपारी भंगारवाला घाणा न्यायला येणार आहे.

मी म्हणाले, "येडे, तुझं रडणं थांबायची वाट बघायलो होतो आमी."

"घाणा सुरू झाला की थांबंल," ती म्हणाली.

म्हणून भंगारवाल्याच्या आधी पोचायला निघाले. विकायला ठेवलेली करडईची दोन पोती तुला न विचारता नेतेय, रागावू नको. शेजारच्या पार्वतीबाईही पोतं घेऊन येतायत. आज तू पूर्णेहून घरी पोचशील तेव्हा भाकरी टोपल्यात आहेत, पिठलं गरम करून घे. जेवून तूही ये, येताना तेलाचा रिकामा डबा आण. तिच्यासमोर रडू नको, डबा पुढं कर.

तू त्याला राखी बांधायचीस, म्हणून फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही. भागवत मागच्या अमावस्येला सकाळी वारला.