कंट्रोल सॅम्पल

४ नोव्हेंबर, मंगळवार

वार्षिक तपासणीच्या रिपोर्टच्या पाकिटाला ज्या कुणी तीन पिना मारल्या, त्याचा मी इथे लेखी निषेध नोंदवतो. एक पिन पुरते. दोन म्हणजे उत्साह. तीन म्हणजे सूड. तिसरी काढताना अंगठ्यात घुसली आणि रक्ताचा थेंब बरोबर माझ्या नावावर पडला. कंपनीसाठी आजवर रक्त आटवलं होतं, सांडलं आज प्रथमच.

पाकिटात विशेष काही नाही. साखर ठीक. कोलेस्टेरॉल ठीक. वजनाबद्दल एक अनावश्यक शेरा. शेवटच्या पानावर, लघवीच्या तपासणीत, तांबड्या पेशींपुढे एक चांदणी छापली आहे. दोनपर्यंत चालतात, माझ्या दहा-बारा निघाल्या. चांदणी चांगल्या गोष्टीला देतात अशी माझी समजूत होती. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, काही नसेलही, आठवड्याभरात पुन्हा करून बघू. त्यांच्या 'नसेलही'चा फार विचार करायचा नाही.

संकल्प: काळजी करायची नाही. घरी सांगायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोबाईलवर शोधायचं नाही हा चौथा संकल्प काल लिहायचा राहून गेला. त्यामुळे आज तो मोडला असं म्हणता येणार नाही. फक्त किरकोळ कारणंच वाचायची असं ठरवून बसलो. पहिली चार-पाच किरकोळ होती. मग बोट आपोआप खाली गेलं. ज्यानं ती यादी केली त्यानं वाईट गोष्टी तळाला ठेवल्यात, जसा आमचा पाणीवाला नासका माल टोपलीत खाली... चूक. भाजीवाला. पाणीवाला आमच्याकडे नाहीच. मन ठिकाणावर आहे.

पाणी: अकरा ग्लास. ही विचारत होती, हे काय नवीन. म्हटलं, आरोग्याबद्दल जागरूकता आली. ही म्हणाली, लग्न झाल्यापासून झोपली होती, आज कुणी उठवली तिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कामात मन रमवलं. दिवसभर ठोकळे फोडले.

आमच्या लॅबचं काम तेवढंच. बांधकामावर जे काँक्रीट ओततात त्यातलंच थोडं साच्यात घालून ठोकळे करतात, आमच्याकडे पाठवतात, आम्ही ते मशीनखाली दाबतो. किती भाराला तडा गेला तो आकडा मी लिहितो, सही करतो. माझ्या सहीशिवाय पुढचा मजला चढत नाही. कंत्राटदार फोन करकरून जीव खातात. साहेब, काही कळलं का. साहेब, अंदाज तरी सांगा. मी ठरलेलं उत्तर देतो: रिपोर्ट आल्यावर कळेल.

आज असं उत्तर एकाला दिलं आणि फोन ठेवल्यावर हात जरा गार पडले. एसी वाढलेला असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

प्रकाश पडला. बाटल्यांची अदलाबदल.

आमच्याकडे ठोकळ्यांची वर्षातून एकदा तरी होते, तर त्यांच्याकडे का होणार नाही. तडक पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलो. काचेमागच्या मुलीला सांगितलं की मीही याच क्षेत्रातला आहे. यंत्रांचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, सर्टिफिकेट कुठे लावलंय, बाटलीवर लेबल कोण चिकटवतं, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काका, सॅम्पल आणलंय की न्यायची बाटली हवीय. मागे रांग होती. बाटली घेऊन आलो.

बाटली खणात ठेवली आहे. आज दिली नाही. अजून पुरेसं पाणी पिऊन झालेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ, आम्ही त्याला पैलवान म्हणतो. रोज दीड तास वजनं उचलतो, फ्रीज एकटा सरकवतो, आजारी पडल्याचं कुणाला आठवत नाही. सिगरेट ओढतो, पण ती गॅलरीत, आणि ताईला माहीत नाही असं त्याला वाटतं.

त्याला बघून एक शास्त्रशुद्ध कल्पना सुचली. ज्या मालाबद्दल शंकाच नाही असा माल गुपचूप लॅबला द्यायचा आणि लॅब काय सांगते ते बघायचं. याला आमच्या धंद्यात कंट्रोल सॅम्पल म्हणतात. फसवणूक नव्हे. लॅबची परीक्षा. शिवाय रिपोर्टवर चांदणी नसली तर प्रकरण तिथेच मिटतं, हा फक्त जोडफायदा.

गॅलरीत नेऊन पैलवानाला सगळं सांगितलं. तो इतका हसला की ठसका लागला. म्हणाला, भाऊजी, हुंड्यात जे द्यायचं राहिलं ते आत्ता मागताय होय. मग बाटली हातात घेऊन विचारलं, काठोकाठ भरू की कमी. बाथरूममधून बाहेर आला तो ट्रॉफी जिंकल्यासारखा. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय चाललंय तुमचं. दोघेही एकदम म्हणालो, काही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बाटली दिली. माझं नाव, माझं वय. काचेमागच्या मुलीनं वर बघितलंसुद्धा नाही. हीच का यांची तपासणी.

दुपारी आमच्या लॅबमध्ये एका कंत्राटदाराला पकडलं. त्याचे ठोकळे फारच गुळगुळीत, रंगानं गडद. बांधकामातलं काँक्रीट वेगळं, आणि तपासणीला पाठवायला जास्त सिमेंट घालून लाडानं केलेले हे ठोकळे वेगळे. आम्ही त्यांना जावई म्हणतो. सगळे जावई परत पाठवले. त्याला अर्धा तास सुनावलं की बाबा रे, पास होतो तो ठोकळा, माणसं मात्र राहतात त्या खऱ्या स्लॅबखाली. तो मान खाली घालून ऐकत होता. शिपायानंही कौतुक केलं.

सकाळच्या आणि दुपारच्या गोष्टीत काही संबंध नाही. तिथे इमारतीचा प्रश्न आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रिपोर्ट आला.

तांबड्या पेशींपुढे आकडाच नाही. 'असंख्य' असं लिहिलं आहे.

मी जन्मभर आकडे लिहिले. आकड्याच्या रकान्यात शब्द कधी लिहिला नाही. वेळ आली नाही म्हणून नव्हे, तर तसं करायचं नसतं म्हणून. यावरूनच या लॅबचा दर्जा कळतो. धडधाकट माणसाच्या बाटलीत असंख्य. सिद्ध झालं की यंत्र बिघडलेलं आहे. म्हणजे माझ्या दहा-बाराही खोट्या. म्हणजे मी ठणठणीत.

ठणठणीत. आनंदानं जेवण गेलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी माझा फोन लागेना म्हणून हिला फोन केला. मी फोन बंद ठेवला होता, विश्रांतीसाठी. त्यांनी हिला सांगितलं, रक्ताचं प्रमाण एकदम वाढलंय, मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतो, सोनोग्राफी ताबडतोब करा.

घरी आलो तर ही सोफ्याच्या कडेवर बसलेली, पर्स मांडीवर. भांडली नाही. कधीपासून माहीत होतं एवढंच विचारलं. मग मला पाणी आणून दिलं. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी काही बोलली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचा टोमणा आला नाही. मला खरी भीती तिथे वाटली.

खरं सांगायला हवं होतं. पण तिला एवढा धक्का बसलेला असताना आणखी धक्का देणं बरं नाही. सोनोग्राफी स्वच्छ येईल, विषय संपेल. मग सवडीनं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सोनोग्राफी स्वच्छ. ही देवापुढे न बसता थेट तिथल्या बाकावर बसून रडली.

मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर मात्र खूश दिसले नाहीत. इतकं रक्त जातंय आणि दिसत काहीच नाही, हे मला आवडत नाही, म्हणाले. मंगळवारी दुर्बीण आत घालून बघू. कुठून आत, ते मी विचारलं. विचारायला नको होतं.

संध्याकाळी पैलवानाचा फोन. भाऊजी, माझ्या जोरावर पास झालात ना. म्हटलं, अजून नक्की काही कळलेलं नाही. हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.

मोबाईलवर वाचलं की फार व्यायाम करणाऱ्यांच्या लघवीत रक्त दिसू शकतं. बघा. साधं कारण. त्याला उगाच घाबरवण्यात काय अर्थ.

१६ नोव्हेंबर, रविवार

माझ्या दुर्बिणीसाठी पैलवानानं दोन दिवस रजा टाकली आणि बॅग घेऊन राहायला आला. ही दारातच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तो तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होता, ताई, भाऊजींना काय होतंय, ते काँक्रीट आहेत. माझ्याकडे बघून डोळा मारला. मी पेपर वाचत होतो. पेपर कालचा होता.

जेवणानंतर तो बाथरूमला गेला तेव्हा मी पॅसेजमध्ये उभा होतो. सहज. बाहेर आल्यावर सहजच विचारलं, तुला कधी रंगबिंग वेगळा जाणवतो का रे. तो म्हणाला, होतो कधी कधी लालसर, बीट खातो ना मी जिमनंतर. कधीपासून, विचारलं. म्हणाला, उन्हाळ्यापासून असेल, येतं आणि जातं, दुखत नाही काही.

मी म्हटलं, बीट चांगलं असतं.

हे वाक्य मी म्हटलं. लिहून ठेवतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उद्या दुर्बिणीनंतर सांगायचं. आज सांगितलं तर दुर्बीण रद्द होईल आणि माझं खरं काय ते कळणारच नाही, असं कारण सुचलं. चांगलं कारण आहे. दिवसभर त्याच्यावर टिकलो. मधे तीन वेळा त्याच्याशी बोलायला गेलो आणि तिन्ही वेळा क्रिकेटवर बोलून आलो. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही.

त्यानं हिच्यासाठी वरच्या फळीवरचे जड डबे काढून पुसून दिले. जिन्यावरून धावत खाली गेला, धावत वर आला. असा माणूस आजारी असतो का.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मागून बांधायचा झगा. टेबल गार. नर्सनं पाय धरून ठेवले. डॉक्टरांनी ती वस्तू उचलली आणि म्हणाले, सैल सोडा.

मी म्हटलं, डॉक्टर, ती बाटली माझी नव्हती.

भीतीनं बोललो, हे कबूल करतो. त्याच्यासाठी बोललो असं लिहायला फार आवडलं असतं.

डॉक्टरांनी ती वस्तू ट्रेमध्ये परत ठेवली. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, मग कुणाची. मी सांगितलं. वय. सिगरेट किती. लाल कधीपासून. दुखतं का. मी म्हटलं, बीट खातो, व्यायाम फार करतो. ते म्हणाले, असेल तसंही. दुखत नाही हे मला जास्त खटकतं. कुठे आहेत ते.

म्हटलं, बाहेर बसलाय. माझ्यासाठी.

झगा घालूनच बाहेर आलो. मागची गाठ सुटली होती, एका हातानं धरून दोघांसमोर उभं राहून सांगितलं. पैलवान आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. हिनं विचारलं, बुधवारी रिपोर्ट आला होता ना. मी हो म्हटलं. तिनं मनातल्या मनात दिवस मोजलेले मला तिच्या ओठांवर दिसले. भावाचा हात धरून आत घेऊन गेली.

माझं खरं सॅम्पल नर्सनं दाराबाहेर उभं राहून घेतलं. विश्वास उरलेला नाही, आणि तक्रार करायला मला जागा नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पैलवानाच्या सोनोग्राफीत मूत्राशयात काहीतरी दिसतंय. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मी जवळ जाऊन बघितलं. तडा कसा दिसतो ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. ढगासारखं होतं, आणि एका बाजूला चिकटलेलं.

उद्या त्याची दुर्बीण. तुकडा काढून तपासायला पाठवतील. किती दिवस लागतील, विचारलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट आल्यावर कळेल.

गाडीत पैलवानच म्हणाला, भाऊजी, परीक्षा तुमची आणि नापास मी, हा कुठला न्याय. ही म्हणाली, गप बस. मग म्हणाला, पण ताई, यांनी लबाडी केली नसती तर मी वर्षभर बीटच खात बसलो असतो. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, लबाडीला माफी आहे. आठवडाभर गप्प बसले त्याचं काय ते मी नंतर बघते.

तिचा टोमणा परत आला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. पैलवानाला आत नेऊन बराच वेळ झाला. जाताना त्यानं घड्याळ आणि चपला माझ्याकडे दिल्या. चपला मांडीवर घेऊन बसलोय, खाली ठेवाव्याशा वाटेनात.

माझा रिपोर्ट मोबाईलवर आला. पेशी एक-दोन. चांदणी नाही. याच क्षणासाठी मी सतरा दिवस काय काय केलं. एकदा वाचला आणि मोबाईल खिशात ठेवला. हिला सांगितलं, ती हं म्हणाली.

कँटीनवाला बाकांवरच्या लोकांकडे बघत आला. मघाशी ते उंच, दंड भरलेले साहेब आले होते, ते कुठे आहेत, विचारत होता. मला म्हणाला, त्यांनी स्वतः काही घेतलं नाही, उपाशी राहायचं होतं म्हणाले, पण ताईसाठी सँडविच आणि कॉफी पाठवायला सांगितली. सुटे नव्हते, बाहेर आल्यावर देतो म्हणाले.

ही सँडविचचा रिकामा कागद घडी घालत बसली होती. तिला वाटत होतं मी पाठवलंय.

मी बाजूला जाऊन पैसे दिले. त्यानं विचारलं, ते साहेब आले तर काय सांगू. म्हटलं, त्याला काही सांगू नका. तो विचारेल, किती झाले. तेव्हा सांगा, मिटलं.

चपला घेऊन परत जागेवर येऊन बसलो. दारावरचा लाल दिवा अजून चालू आहे.