जुन्या टीव्हीसारखं

३ डिसेंबर, पवनी
काल धाकट्या भावाची, प्रमोदची तेरवी झाली. सकाळी शेवटचे पाहुणे गेले. दुपारी त्याचा लॅपटॉप उघडला. लहानपणी आम्ही दोघं टीव्हीला जोडून खेळायचो तो गेम त्यात आहे. चित्र मधे चौकोनात, दोन्ही बाजूंना काळं, वर बारीक आडव्या रेघा. बिघडलंय वाटलं. सेटिंगमधे जाऊन रीसेटचं बटण दाबलं. स्क्रीन भरली. माणसं बुटकी, जाड दिसायला लागली.

४ डिसें.
प्र.चा मित्र रवी आला. स्क्रीन बघून खुर्ची जवळ ओढली.
"ताई, हे काहून केलं? त्यानं मुद्दाम तसं ठेवलं होतं. जुन्या टीव्हीसारखं. मी म्हणलो, अरे येड्या, फुल करून पाय ना. तं म्हणे, दिवाळीले ताई येते, तिले दाखवाचं हाय."
दिवाळीत आम्ही दवाखान्यात होतो.
त्याच्या सेटिंगची कॉपी आहे का विचारलं. "नाई ना, ताई."

५ डिसें.
चौकोन जमला, चारास तीन. रेघांचे प्रकार पुष्कळ. कोणता होता? एकदाच पाहिलं, तेही नीट नाही.
आई सुपात तांदूळ निवडत होती. विचारलं, आपला टीव्ही कसा दिसायचा गं?
"मले काय मालूम? तुमी दोघं इतले जवळ बसत, मले तं तुमची डोकीच दिसत."
हसलो. दोघीही.
थोड्या वेळानं म्हणाली, "वरची पट्टी कटत होती ना. स्कोर दिसे नाई, अना तुमी भांडत, कोण जितला म्हणून."
खरंच. कडा कापायचं सेटिंग सापडलं. वरचा स्कोर गेला.

७ डिसें.
रंग जमत नाहीत. लाल जास्त होता की कमी? प्र.ला पाठ असणार. हे त्याचं होतंय की माझंच काहीतरी, कळत नाही. रवी म्हणतो, "जवळपास आलं, ताई." जवळपास.

८ डिसें.
उद्या नागपूरला परत. आई देवळात गेली होती. दोघांचा गेम लावला. लॅपटॉपला दोन रिमोट जोडलेले, पहिला नेहमी त्याचा. मी दुसराच घेतला. माझा माणूस पुढे जाऊन अडला, त्याचा सुरुवातीलाच उभा. त्याला सोडून पुढे जाता येत नाही, हे विसरले होते.
वर स्कोर दिसत नव्हता.
बंद करताना स्क्रीनवर आलं, नवं सेटिंग सेव्ह करायचं का? हो आणि नाही, दोन्ही बटणं बघत बसले. लॅपटॉप तसाच उघडा ठेवला. आत जाऊन तांदूळ धुतले.